केंदाळाचा ढीग आणि वळवाचा पाऊस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मी कोल्हापूरकडे एका लॅबमध्ये केमिस्ट आहे, पाणी, माती, सांडपाणी अशी सॅम्पल रोजच हाताखालून जातात त्यामुळे एखादं रीडिंग बघून पोटात गोळा यावा असं सहसा होत नाही. त्या दिवशी आला.

तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका औद्योगिक वसाहतीच्या उताराला आहे, ओढ्यातनं तिकडचं पाणी कित्येक वर्षं त्यात उतरतंय, आणि रंकाळ्यात, पंचगंगेत आपण जे बघत आलोय तेच इथंही, अख्खं तळं केंदाळानं भरलेलं. पुण्यामुंबईकडे जलपर्णी म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि हवा-पाणी मानवलं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. महिन्याच्या सुरुवातीला जेसीबी लावून बरीचशी काढून काठावर टाकली होती आणि मग पाणी तपासायचं काम आमच्याकडे आलं. काम फक्त पाण्याचं होतं, पण सर म्हणाले जातेच आहेस तर चार झाडंही मुळासकट घेऊन ये.

पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ एवढंच चालतं, इतकं बारीक मोजायचं म्हणून ग्राफाइट फर्नेस नावाच्या मशीनवर लावलं होतं, आणि दोन्ही त्याच्या खाली. पाठवणाऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते खूशच झाले, म्हणाले चला, काढल्याचा फायदा झाला.

झाडं मात्र वेळ खातात. आधी नळाखाली आणि मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, कारण मुळांच्या त्या काळ्या झुपक्यात गाळ अडकलेला असतो आणि तो राहिला तर आपण झाड नाही, चिखल मोजतो. मूळ, फुगीर देठ, पान वेगळं करायचं, ओव्हनमध्ये सुकवायचं. ९५ टक्के पाणीच असतं, भली मोठी पिशवी भरून आणलं तरी शेवटी मूठभर उरतं. त्यातलं अर्धा ग्रॅम नायट्रिक अॅसिडमध्ये हॉट प्लेटवर तापवायचं, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, तपकिरी वाफा थांबेपर्यंत. मग गाळून मशीनवर.

पानांचं रीडिंग साधारण होतं. देठाचं थोडं जास्त. मूळ लावलं आणि शिशाचा आकडा आमच्या सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या माहीत प्रमाणाच्या द्रावणाच्याही पुढे गेला. पहिली शंका स्वतःवरच, भांडं नीट धुतलं नसेल, अॅसिड खराब असेल. ब्लँक, म्हणजे झाड न घालता नुसतं अॅसिड लावलं, स्वच्छ. दुसऱ्या झाडाचं मूळ लावलं, तेच. दहापट पातळ करून लावलं तेव्हा कुठे शिसं रेंजमध्ये आलं. कॅडमियम शिशाइतकं नव्हतं, पण होतं, आणि ते देठातही चढलेलं होतं.

पाण्यात इतकं कमी आणि मुळांमध्ये एवढं, हे कसं? केंदाळाची मुळं पाण्यात नुसती लोंबकळत असतात, त्यांचे तंतू इतके बारीक आणि इतके दाट की पाण्याला लागणारा पृष्ठभाग प्रचंड होतो. पेशीच्या भिंतीवर ऋण भाराच्या जागा असतात, शिशाचे धन भाराचे आयन तिथं चिकटून बसतात आणि बरेचसे तिथंच राहतात, म्हणून पानात शिसं कमी. कॅडमियमचं वेगळं. झाडाला जस्त, लोह, कॅल्शियम हवं असतं, त्यासाठी मुळांना जी दारं आहेत त्याच दारांनी कॅडमियमही आत शिरतं, झाडाला फरक कळत नाही. आत आल्यावर झाड फायटोकेलाटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवतं, त्यातल्या गंधकाला कॅडमियम बांधलं जातं आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, नेऊन कोंडलं जातं. १९८५ मध्ये वनस्पतींत हे रेणू ओळखले गेले. मला हे फार विलक्षण वाटतं, कॉलेजात शिकले तेव्हाही वाटलं होतं. थोडं थोडं विष ओढून झाड आपल्या अंगात साठवत राहतं आणि वरून हिरवंगार दिसतं.

पण ते विष नाहीसं होत नाही. शिसं कुजत नाही, कॅडमियम कुजत नाही. झाड तळ्यात मेलं तर परत तळ्याच्या गाळात, आणि काठावर काढून टाकलं तर काठावर. आणि काठावर तर अख्खा ढीग होता.

दुपारी तिथल्या वॉचमन मामांना फोन लावला. ते म्हणाले, "ढीग हाय की, पर बराच कमी झालाय. लोक न्हेत्यात." कशाला नेतात विचारलं तर म्हणे खताला, आणि म्हशींना.

सर आणि मी जेवण तसंच टाकून निघालो. पोचलो तर एक काकू विळ्यानं मुळं छाटून पाल्याचा भारा बांधत होत्या. मी म्हटलं, "काकू, हे म्हशींना घालू नका हो." त्यांनी वर बघितलं. "पंधरा दीस झालं घालतोय की म्याडम. चवीनं खात्यात. श्यान जरा पातळ टाकाय लागल्यात, बाकी काय न्हाई." मी सांगायला लागले शिसं, कॅडमियम, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग वैरण कुठनं आणू? उन्हाळ्यात भाव काय हाय ठावं हाय का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर खाली बसले त्यांच्याजवळ, आणि समजेल असं बोलले, की हे दिसत नाही, वास नाही, पण जनावराच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साठत जातं आणि तिथनं निघता निघत नाही. जपानच्या जिंझू नदीकाठचंही सांगितलं, खाणीतलं कॅडमियम नदीत, नदीतनं भाताच्या शेतात, आणि तो भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराचं नावच 'इताई इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय दुखतंय'. काकूंनी विळा बाजूला ठेवला. छाटलेल्या मुळांचं काय करता विचारलं तर म्हणाल्या, पालकाच्या वाफ्यात. पालेभाज्या कॅडमियम चांगलंच उचलतात, ते ऐकून मला कसंतरी झालं. वाफ्यातली माती, पालक आणि दूध, तिन्हीचं सॅम्पल घेतलं.

तोवर पश्चिमेला आभाळ काळं झालं. ढीग पाण्यापासून वीस पावलांवर, उतारावर. वळीव पडला की कुजलेल्या पाल्यातलं पाणी सरळ परत तळ्यात. फोनाफोनी केली, ज्यांनी काढलं ते म्हणाले आमचं काम काढण्यापुरतं होतं. शेवटी मामांनी कुठनं तरी ऊस झाकायच्या दोन ताडपत्र्या आणल्या. वारा सुटलेला, आम्ही तिघं कडा धरून, आणि काकू एकेक दगड आणून कोपऱ्यांवर ठेवतायत. वरच्या बाजूनं मामांनी खोऱ्यानं चर मारला. थेंब पडायला लागले तेव्हा एक कोपरा उघडाच होता, त्यावर सर स्वतः उभे राहिले.

चार दिवसांनी काकूंना फोन केला. दुधात सापडलं नाही, दुधात तसंही ते कमीच उतरतं, पण म्हणून पाला परत घालायचा असं नाही, हे बजावलं. पालकात कॅडमियम होतं. तो वाफा त्यांनी आधीच उपटला होता, त्या म्हणाल्या, पर माती कुठं उपटू?

रिपोर्टमध्ये मुळांचे आकडे वेगळ्या पानावर घातलेत, ढीग धोकादायक कचरा समजून न्यावा, जाळू नये, खत करू नये असं लिहिलंय. पत्रं दोन गेलीत. जून संपत आला, ढीग अजून तिथंच आहे, ताडपत्री एकदा उडाली होती, मामांनी परत बांधली.