जुन्या कॅम्पर व्हॅनचा एसी: आधी कंडेन्सर, मग गॅस

गार हवा कमी झाली की थेट गॅस भरू नका. गॅस वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे गळती आहे, ती आधी शोधा.

जुन्या एसीतल्या आर-१२ गॅसवरून नव्या आर-१३४ए गॅसवर जाताना खरी अडचण कॉम्प्रेसरच्या तेलाची. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून जुना गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, तेल काढून एस्टर तेल घाला, रिसीव्हर-ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि सगळे ओ-रिंग (जोडांतले रबरी सील) बदला, पंपाने ३० ते ४५ मिनिटं व्हॅक्यूम करा, म्हणजे आतली हवा आणि ओलावा ओढून काढा. गॅस वजनावरच भरा: मूळ आर-१२ च्या साधारण ८० ते ९० टक्के. जास्त झाला तर दाब चढतो, गारवा उलट घटतो.

नव्या गॅसला उष्णता बाहेर टाकायला मोठा कंडेन्सर लागतो. जागेत मावेल तेवढा मोठा पॅरलल-फ्लो (अनेक चपट्या नळ्यांतून गॅस एकाच वेळी वाहणारा) कंडेन्सर बसवा, पंखा स्वतंत्र रिले आणि फ्यूजवर. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

हीटरकडे इंजिनचं गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्हही तपासा. तो नीट बंद होत नसेल तर गार झालेली हवा पुन्हा तापते. पुढच्या सीटमागे जाड पडदा लावला की चालवताना थंड करायची जागाच कमी होते.