मामाच्या कॅसेटवरचा पाच

कोल्हापुरात शाहूपुरीत मामाच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. काळा कीबोर्ड, जडशीळ अडॅप्टर, एक टेपरेकॉर्डर आणि चौदा कॅसेट. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की मी त्या पेटीसमोर बसायचो, मामा ड्युटीवरून आला की टीव्हीला वायर जोडायचा आणि मग टेपमधून तो आवाज, आधी लांबलचक पीऽऽऽ आणि मग क्रर्रर्र, स्क्रीनच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे आणि मग निळे-पिवळे. तो आवाज आजही कानात आहे.

मशिन होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस, कीबोर्डच्या आतच अख्खा कॉम्प्युटर, प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडातल्या सिंक्लेअर कंपनीनं १९८२ ला काढलेला, झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ, ४८ केबी मेमरी. स्पेक्ट्रम प्लसचं लायसन्स घेऊन डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं तो भारतात आणला आणि मामानं १९८९ ला घेतला. घरातले सगळे ओरडले होते म्हणे, एवढ्या पैशात लुना आली असती.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत पाणी आलं तेव्हा पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. पण घर किती दिवस ओलं होतं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. नंतर कधीतरी पेटी उघडली तर कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले. बुरशी. मला खरंच धस्स झालं. पेटी तशीच उचलून राजारामपुरीत माझ्याकडं आणली.

आता चौदापैकी अकरा कॅसेट गेमच्या होत्या आणि त्यांची मला काळजी नव्हती. स्पेक्ट्रमचे हजारो गेम जगभरच्या लोकांनी आधीच वाचवून ठेवलेत, एमुलेटरमध्ये (जुन्या मशिनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) दोन क्लिकमध्ये चालतात, मशिनच्या आतल्या रॉमची (त्यात कायमचा भरलेला प्रोग्रॅम) कॉपी एमुलेटरसोबत द्यायलासुद्धा ॲमस्ट्रॅडनं (सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा त्यांनी १९८६ ला घेतला होता) परवानगी दिलेली आहे. ते काम झालंय, लई मनापासून झालंय. पण उरलेल्या तीन कॅसेटवर मामाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "वजन", "वजन २" आणि "पगार". ह्याची कॉपी जगात कुठंच नाही. मामा उद्यमनगरात फौंड्रीत होता, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) आला की मापं घेऊन बिडाच्या कास्टिंगचं वजन काढायचं हे त्याचं रोजचं काम, आणि त्यासाठी त्यानं रात्री जागून स्वतः बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. कोल्हापुरातल्या फौंड्रीतल्या माणसानं १९९० च्या आसपास मराठी आकडे दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, ही गोष्ट त्या टेपशिवाय कुठंही नोंदलेली नाही. तो आपण नाही वाचवला तर दुसरं कोण वाचवणार?

तुमच्याकडं अशी पेटी असेल तर एक कळकळीनं सांगतो. कॉम्प्युटर आधी चालू करायला जाऊ नका. मशिन नंतर दुरुस्त होतं, टेपचं तसं नाही. मी पहिल्यांदा कॅसेटच्या मागची दोन प्लास्टिकची कानं मोडली म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग कव्हरच्या कार्डांचे फोटो काढले, कारण मामानं टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे तिथं लिहिलेले, ०१२, ०३५ असे, आणि कुठला प्रोग्रॅम कुठं आहे ह्याचा तेवढाच पुरावा. बुरशीच्या टेपसाठी एक वेगळा भंगारातला टेपरेकॉर्डर ठेवला, कारण ती बुरशी हेडवरून (टेप वाचणारा भाग) चांगल्या कॅसेटवर जाते. तोंडाला मास्क लावून, टेप मऊ कोरड्या कापडाला हलकी घासत एकदा पूर्ण गुंडाळली, परत उलटी गुंडाळली. "वजन" कॅसेटच्या आतली ती छोटी नमद्याची गादी, जी टेपला हेडवर दाबून धरते, ती सुटून खाली पडली होती, म्हणून टेपची दोन्ही चाकं उचलून एका स्क्रूवाल्या नव्या खोक्यात बसवली. ह्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, घाई केली असती तर टेपला सुरकुती पडली असती.

मामाच्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट डांबरासारखा वितळून चाकाला चिकटला होता. लक्ष्मीपुरीत एक काका अजून टेप दुरुस्त करतात, त्यांनी बेल्ट घातला, हेड अल्कोहोलनं पुसून दिलं, आणि एक फार मोलाची गोष्ट सांगितली. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा तिरपेपणा बदलतो. लोक म्हणतात हेड सरळ करा, तर काका म्हणाले सरळ कशाला करतोस, ज्या मशिनवर भरलंय त्या मशिनचं हेड जेवढं तिरपं तेवढंच तुझं पाहिजे. म्हणजे टेप वाजवत ठेवायची, स्क्रू केसाएवढा फिरवायचा, आणि आवाज जिथं सगळ्यात खणखणीत होतो तिथं थांबायचं. ते केल्यावर जो फरक पडला तो ऐकून अंगावर काटा आला, गोधडीखालून येणारा आवाज एकदम समोर आला.

तिथून लॅपटॉपवर वेव्ह फाईल, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, मोनो. एमपी३ अजिबात नको, ती फाईल लहान करताना लाटांच्या कडा बिघडवते आणि इथं सगळी माहिती त्या कडांमध्येच आहे. स्पेक्ट्रम टेपवर शून्य लिहितो ते दोन आखूड ठोक्यांनी आणि एक लिहितो ते दोन दुप्पट लांब ठोक्यांनी, बास, एवढंच. माझ्या फाईलमध्ये आखूड ठोका साधारण ११ सॅम्पलचा दिसतो आणि लांब २१-२२ चा. झूम करून बघितलं तर माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. ज्या माणसांनी हे बनवलं त्यांनी ते इतकं साधं ठेवलं म्हणून पस्तीस वर्षांनी ते मला राजारामपुरीत बसून उलगडता आलं, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर "वजन" वाचला. एमुलेटरमध्ये टाकला, चालू झाला, लांबी रुंदी उंची विचारली. मी २५, २५, १० सेंटीमीटर दिलं. ६२५० घन सेंटीमीटर, बिडाची घनता ७.२ धरली की ४५ किलो. स्क्रीनवर ४५ च्या जागी काय आलं? "ईएफ". इंग्रजी ई आणि इंग्रजी एफ.

आधी वाटलं टेप खराब वाचली गेली. पण मग इतर ओळी बरोबर कशा? लिस्टिंग उघडून एक-एक ओळ वाचली आणि मामाची युक्ती कळली. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं आपल्याला हवी तशी काढता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांची, त्यांचे कोड १४४ ते १६४. मामानं त्यातल्या पहिल्या दहांमध्ये ० ते ९ मराठी आकडे काढले होते, आणि उरलेल्यांत "वजन" आणि "किलो" एवढे दोन शब्द बसवले होते, कारण मोल्डिंगवरच्या मेस्त्री लोकांना मराठी आकडे लगेच वाचता यायचे. इंग्रजी शून्याचा कोड ४८, त्यात ९६ मिळवले की १४४, झाला मराठी शून्य. एका ओळीचं काम! पण ही अक्षरं बेसिकच्या प्रोग्रॅमबरोबर सेव्ह होत नाहीत, ती मेमरीत अगदी शेवटी असतात आणि वेगळी सेव्ह करावी लागतात, १६८ बाईट. ती लोड केली नाहीत तर त्या जागी मशिनची मूळची इंग्रजी ए, बी, सी दिसतात. म्हणून चारचा ई आणि पाचचा एफ.

म्हणजे प्रोग्रॅम वाचला होता आणि अक्षरं हरवली होती. ह्यावरून मला आपल्याकडच्या जुन्या डीटीपीच्या फायली आठवतात, युनिकोडच्या आधीच्या, ज्यात प्रत्येक फॉण्टचा कोड वेगळा. पत्रिका, अंक, पुस्तकं, फाईल धडधडीत उघडते आणि आत नुसतं चिन्हांचं रान, कारण फाईल कुणीतरी जपली आणि फॉण्ट कुणीच जपला नाही. त्यामुळं जे काही जपाल त्याच्याबरोबर त्याचा फॉण्ट, त्याची अक्षरं, जे लागतं ते सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, कृपा करून ठेवा.

असो. मामाच्या टेपवर प्रोग्रॅमच्या नंतर एक छोटा आवाज होता, सुरुवातीची पीऽऽऽ सोडली तर जेमतेम सेकंदाचा. तीच अक्षरं. आणि नेमका तिथं बुरशीचा ठिपका. लोड केलं की "आर टेप लोडिंग एरर". पाच-सहा वेळा रेकॉर्ड केलं, हेड फिरवून बघितलं, टेप परत पुसली, तिथं लाट दबलेलीच.

इथून पुढचे तीन दिवस ऑफिस सुटलं की मी त्या एका सेकंदावरच होतो. आधी येणारा १७ बाईटचा हेडर, म्हणजे पुढं काय येणार त्याची चिठ्ठी, धड होता, त्यात लांबी लिहिलेली, १६८. शिवाय पुढं एक खुणेचा बाईट आणि शेवटी एक ताळ्याचा, एकूण १७०. म्हणजे ठिपक्याच्या आधीचे बाईट पुढून मोजले, नंतरचे शेवटून उलटे मोजत आलो, आणि मध्ये फक्त एक बाईट कमी पडला. एक! टेप सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते आणि एक बाईट चार ते आठ मिलिसेकंदात येतो, म्हणजे टेपवर त्याला जागा लागते मिलिमीटरचे दोन ते चार दशांश. तिळाच्या दहाव्या हिश्शाएवढी बुरशी आणि तेवढ्यानं मशिन सगळंच नाकारतं, कारण शेवटच्या ताळ्याच्या बाईटशी हिशोब जुळत नाही.

पण तो ताळाच कामाला आला. स्पेक्ट्रमचा ताळा म्हणजे सगळ्या बाईटची एक्सऑर, बिटांची हातचा न धरता केलेली बेरीज. समजा प्रत्येक बिटाची एक रांग धरली तर त्या रांगेत एकांची संख्या ताळ्यासकट सम असली पाहिजे. आता एकच बाईट हरवलाय आणि त्याची जागा माहीत आहे, तर बाकीचे १६९ एक्सऑर केले की जे उरतं तोच हरवलेला बाईट. दोन हरवले असते तर ही वाट बंद होती. पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या, उत्तर आलं, आणि दबलेल्या लाटेत त्या बाईटचे पहिले दोन बिट अंधुक दिसत होते ते दोन्ही जुळले. तो बाईट होता पाचच्या आकड्याची एक आडवी ओळ. पाचची गाठ पूर्ण झाली. रात्री एक वाजला होता, बायको झोपलेली, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कुणाला सांगू कळेना.

मशिनचं थोडक्यात सांगतो. कीबोर्डखालचा पातळ पडदा इतक्या वर्षांनी कडक होऊन तुटतोच, नवे मिळतात, मागवला. अडॅप्टर मात्र नीट बघा, ९ व्होल्ट आहे पण आतली पिन निगेटिव्ह आहे, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलटी, बाजारातला दिसला म्हणून खुपसला तर मशिन मरेल. आतल्या जुन्या मेमरी चिपना १२, ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं उणे ५ गेलं की चिप जातात, म्हणून वापरायला घ्यायच्या आधी एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राकडून ते सगळं मोजून घेतलं. सगळं ठीक निघालं.

आणि मग मामाला बोलवलं. मामा आता बहात्तरचा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी मुद्दाम एमुलेटर न दाखवता खरं मशिन मांडलं, वाचवलेल्या फाईलवरून नवी कॅसेट भरली होती ती लावली. मामानं न विचारता इंग्रजी J चं बटण दाबलं, त्या मशिनवर J दाबलं की लोड हा अख्खा शब्द उमटतो, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर. बोटांना सगळं आठवत होतं. पीऽऽऽ. लाल-आकाशी पट्टे. मामी आतून म्हणाली, "आलं का ते भूत परत."

मापं विचारली तेव्हा मामानं चष्मा वर करून मला विचारलं, "किती घालू?" मी म्हटलं पंचवीस, पंचवीस, दहा.

वजन ४५ किलो.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग बोटानं स्क्रीनवरचा पाच दाखवून म्हणाला, "ह्यो काढायला मला दोन रात्री गेल्या हुत्या. आठ ठिपक्यात पाच बसंना." मी त्याला बुरशीचं, हरवलेल्या बाईटचं सगळं सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकलं, ताळ्याचं त्याला लगेच कळलं, फौंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला ताळा काय सांगायचा.

मग परत आकड्याकडं बघून म्हणाला, "पण ह्यात रनर-रायझर, रस वतायच्या वाटा, धरल्यालं न्हाई. भट्टीत माल किती लावायचा ते ह्याच्यावरनं कळत न्हाई भावा. ते दुसऱ्या कॅसेटवर हाय, वजन दोन."

"वजन २" अजून वाचायची आहे. कार्डावर ०६१ लिहिलंय, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कडेवर तीन ठिपके आहेत. रविवारी मामा सकाळीच येतो म्हणालाय.