रजिस्टरला नुसतं ‘पक्षी’ लिहायचो

मी निफाड तालुक्यात वायरमन आहे, १४ वर्षं झाली. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्याकडे जाणारा ११ केव्हीचा फीडर, म्हणजे मोठ्या दाबाची लाइन, माझ्याकडे आहे. डिसेंबरातली सकाळ, पावणेसातला अर्थ फॉल्टवर, म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत उतरल्याने, लाइन उडाली, आणि द्राक्षबागांना दिवसपाळीची लाइट होती त्यामुळे दहा मिनिटांत फोनवर फोन. सबस्टेशनच्या ऑपरेटरने दोनदा लाइन चार्ज करून, म्हणजे परत चालू करून बघितली, टिकली नाही.

एरवी काय होतं, पक्षी चिकटतो, फॉल्ट होतो, पक्षी खाली पडतो आणि पुढच्या चार्जला लाइन धरते. मग वर चढायचं कामच पडत नाही. रजिस्टरला ‘पक्षी’ लिहायचं, संपलं. त्या दिवशी पक्षी पडलाच नव्हता. धुक्यात पोल टू पोल चालत गेलो तर बांधावरच्या डीपीवर, म्हणजे दोन खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर, पंख लोंबत होता.

लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलं, लाइन तोडणारा एबी स्विच खोलला, उरलेला करंट उतरवायला डिस्चार्ज रॉड लावून वर गेलो. गरुड होता. एवढा मोठा पक्षी मी हातात कधी घेतला नव्हता. नखं लोखंडी चॅनेलला, म्हणजे आडव्या पट्टीला, अशी आवळलेली की एकेक बोट सोडवावं लागलं, आणि पिसं जळाल्याचा तो वास अजून जात नाही.

लोक विचारतात तारेवर बसून कावळा मरत नाही मग गरुड कसा मरतो. एका तारेवर बसला तर काहीच होत नाही. पण डीपीवर लोखंडी चॅनेल अर्थ केलेलं असतं आणि त्याला लागूनच जंपर (उघडी जोडतार), डीओ (फ्यूज), अरेस्टर (वीजरोधक), सगळं हातभराच्या आत. छोटा पक्षी मधून निघून जातो. याचे पंख उघडले की पाच-सहा फूट. चॅनेलवर बसला, उडायला पंख उघडला, जंपरला टेकला. त्यात दवाने पिसं ओली, ओल्या पिसातून करंट लगेच जातो.

वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला. वनरक्षक आले, माझ्यापेक्षा लहान पोरगा, पण माहिती पक्की. त्याने पंख उलगडून पांढरे ठिपके दाखवले. म्हणाला दादा, हा मोठा ठिपक्यांचा गरुड, याच वर्षीचं पिल्लू. रशिया-कझाकस्तानकडच्या दलदलीच्या जंगलात जन्मतात आणि थंडीत आपल्याकडे पाण्याजवळ येतात, वारकरी नावाचे पाणपक्षी, बदकं खायला. जगातच कमी होत चाललेत, ‘असुरक्षित’ यादीत आहेत. मग पंचनामा लिहिता लिहिता विचारलं, याआधी इथे असं झालं होतं का? मला उत्तर देता आलं नाही.

त्या डीपीजवळ मोठी बाभूळ होती. बागेवर सावली पडते म्हणून शेतकऱ्याला नको होती आणि फांद्या लाइनला लागतात म्हणून मला. पावसाळ्याआधी मीच उभं राहून ती तोडून घेतली. गरुडाला पाण्यावर नजर ठेवायला उंच जागा लागते, झाड नसलं की डीपी. २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वरला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, राज्यातला पहिला, बोर्ड लागले, पण पाण्याभोवतीच्या बांधांवर झाडं किती राहिली ते कुणी मोजत नाही.

त्या रात्री जुनी रजिस्टरं काढली. त्याच डीपीच्या नावापुढे ‘पक्षी’ तीन वेळा, माझ्याच अक्षरात. कोणते पक्षी होते ते आता कधीच कळणार नाही, खाली पडलेले मी चारीत टाकून दिले होते.

जंपरला आणि बुशिंगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या टोकांना, इन्सुलेटेड स्लीव्ह (करंट न जाणारं आवरण) घाला असा अर्ज दिलाय. वरून उत्तर आलं, मटेरियल नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला की दोन दिवसांत मटेरियल येतं, मग हातभर स्लीव्हला का नाही, हे मी समोर बसून विचारलं आणि परत विचारणार आहे. बाभळीच्या जागेपासून लांब, लाइनच्या बाहेर दोन कडुनिंब लावायला शेतकरी आबा तयार झालेत, पण ते गरुड बसण्याएवढे व्हायला वर्षं जातील.

रजिस्टरला आता पोल नंबर आणि पक्षी कोणता ते लिहितो. नाही ओळखला तर फोटो त्या वनरक्षकाला पाठवतो. परवा घुबड होतं.