तेल स्वस्त झालं की कुणाचा शेअर घ्यायचा?

जमिनीतून तेल काढणारी ओएनजीसी आणि तेल शुद्ध करून पंपावर विकणारी एचपीसीएल, हे दोन्ही शेअर ब्रोकरच्या ॲपवर 'ऑइल अँड गॅस' या एकाच खान्यात दिसतात. कच्चं तेल बॅरलमागे दहा डॉलरनी पडलं की पहिल्या कंपनीचं उत्पन्न घटतं आणि दुसरीचा खर्च. तरी घसरणीच्या पहिल्या आठवड्यात बाजार कधी कधी दोन्ही शेअर एकदमच विकतो. तेव्हा भाव आणखी किती पडेल याच्या अंदाजात फार वेळ घालवू नये. पडलेला एकेक डॉलर कुणाच्या खिशातून जातो आणि कुणाच्या खिशात पडतो, एवढं कागदावर मांडता आलं तरी पुष्कळ झालं. ती मांडणी अवघड नाही.

तीन आकडे हाताशी ठेवा. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. एक टन कच्चं तेल म्हणजे साधारण 7.33 बॅरल. डॉलर 85 रुपये धरला, तर बॅरलमागे एक डॉलर म्हणजे लिटरमागे 53 पैसे. भाव पाहायचा तो भारतीय बास्केटचा, म्हणजे आपल्या रिफायनऱ्या घेतात त्या तेलांच्या सरासरीचा, कारण बातम्यांत दिसणारं ब्रेंट जातीचं तेल हा त्याचा फक्त एक भाग आहे. आपल्या रिफायनऱ्या जास्त गंधकाचं ओमान-दुबई जातीचं तेल मोठ्या प्रमाणात घेतात. पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी हा कक्ष बास्केटचा भाव नियमित जाहीर करतो.

आधी तेल काढणाऱ्या कंपन्या, म्हणजे ओएनजीसी आणि ऑइल इंडिया. मुंबई हायचं तेल उरणला येतं, तेव्हा त्याची किंमत जागतिक भावानं ठरते आणि काढण्याचा खर्च मात्र फारसा हलत नाही. ओएनजीसीचं तेल उत्पादन, संयुक्त प्रकल्पांतला वाटा धरून, वर्षाला ढोबळमानानं 2 कोटी टन. म्हणजे साडेचौदा कोटींहून थोडी अधिक बॅरल. एक डॉलर पडला की विक्रीतून सुमारे 1,250 कोटी रुपये कमी येतात. पण हा सगळा फटका कंपनीला बसत नाही. 2016 पासून तेलावरचा सेस (उपकर) भावाच्या 20 टक्के आहे आणि वर रॉयल्टी, म्हणजे भाव उतरला की सरकारचा वाटाही उतरतो. दोन्ही मिळून एक तृतीयांशाच्या आसपास वजा करा, उरलेल्यातून पंचवीस टक्के आयकर काढा, कंपनीचा खरा फटका उरतो सुमारे 625 कोटी. कंपनीचे शेअर सुमारे 1,258 कोटी. म्हणजे एका डॉलरमागे प्रति शेअर कमाई साधारण 50 पैशांनी कमी. वर्षभराची सरासरी दहा डॉलरनी घसरली तर 5 रुपये. 2024-25 मध्ये स्वतंत्र (उपकंपन्या न धरता) नफा 35,610 कोटी, म्हणजे शेअरमागे 28 रुपयांच्या आसपास होता. त्याच्याशी ताडून पाहा. शेअर याहून कितीतरी जास्त टक्क्यांनी आपटला असेल तर विचार करायला जागा आहे. तेवढाच किंवा त्याहून कमी पडला असेल तर तो स्वस्त झालेला नाही, त्याच्या कमाईचा आकडा बदलला आहे एवढंच.

या गणितात रुपया विसरू नका. ओएनजीसीच्या तेलाचा भाव डॉलरमध्ये ठरतो. घसरणीच्या काळात रुपयाही कमजोर झाला तर नुकसानीचा काही भाग तिथेच भरून निघतो.

तेलाचा भाव आणि ओएनजीसीच्या हाती पडणारा भाव यांत सरकार उभं असतं, हे 2013-14 इतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल. त्या वर्षी भारतीय बास्केटची सरासरी 105.52 डॉलर होती आणि अनुदानाचा बोजा उचलून ओएनजीसीच्या हाती बॅरलमागे 41 डॉलरच्या आसपास उरले. मग ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं, तेल कोसळलं आणि 2015-16 मध्ये बास्केट 46.17 वर आलं. त्या वर्षी कंपनीच्या हाती आलेला भाव आधीच्या 41 पेक्षा जास्तच होता. उलट बाजूही पाहा. 1 जुलै 2022 ला तेल महाग असताना टनामागे 23,250 रुपयांचा विंडफॉल कर, म्हणजे अचानक मिळालेल्या जादा नफ्यावरचा कर, लागला. तो 2 डिसेंबर 2024 ला रद्द झाला. तेजीतला वरचा मलिदा सरकार काढून घेतं, म्हणून इथे तेजीच्या स्वप्नावर पैसे लावणं मला पटत नाही. मंदीत वाजवी भावाला घेऊन लाभांश खात बसणं जास्त शहाणपणाचं.

आता दुसरी बाजू, तेल विपणन कंपन्या: आयओसी, बीपीसीएल, एचपीसीएल. या कंपन्यांचा नफा दोन ठिकाणी तयार होतो. एक रिफायनिंगमध्ये, म्हणजे कच्चं तेल आणि तयार माल यांच्या भावातला फरक, ज्याला जीआरएम म्हणतात. दुसरा पंपावर, म्हणजे मार्केटिंग मार्जिन. तेल पडत असताना पंपावरचे भाव तेवढ्या वेगानं पडत नाहीत, तिथे पैसा सुटतो. एक टन डिझेल म्हणजे सुमारे 1,200 लिटर, पेट्रोल 1,350. म्हणजे वर्षाला विकलेल्या प्रत्येक एक कोटी टन डिझेलमागे लिटरला एक रुपया जास्त सुटला की 1,200 कोटी. वार्षिक अहवालातून त्या कंपनीची पेट्रोल आणि डिझेलची विक्री टनांत काढा, गुणा, शेअरच्या संख्येनं भागा. दहा डॉलरची घसरण म्हणजे लिटरमागे सव्वापाच रुपये, आणि त्यातला एक रुपया जरी कंपनीकडे टिकला तरी वर्षाचा नफा केवढा हलतो ते लगेच कळेल.

मात्र घसरणीच्या पहिल्याच तिमाहीत या कंपन्यांचा निकाल भयानक येतो. कारण साठा. वर्षाला दीड कोटी टन क्षमतेची रिफायनरी 11 कोटी बॅरल शुद्ध करते आणि महिन्याभराचा साठा म्हणजे सुमारे 90 लाख बॅरल. तेल दहा डॉलरनी पडलं की जुन्या महाग साठ्यावर साडेसातशे कोटींहून जास्त तोटा. हिशेबाच्या नियमानुसार साठा खरेदी किंमत किंवा विक्रीतून मिळू शकणारी किंमत, यांत जी कमी असेल तिनं दाखवावा लागतो, त्यामुळे हा तोटा लपवताही येत नाही. जानेवारी-मार्च 2020 मध्ये आयओसीला 5,185 कोटींचा तोटा झाला आणि 2019-20 चा पूर्ण वर्षाचा नफा 1,313 कोटींवर आला. पुढच्याच वर्षी नफा 21,836 कोटी. या कंपन्या घ्यायच्या असतील तर त्या घाबरवणाऱ्या निकालाच्या आसपास. निकालासोबतच्या पत्रकात किंवा विश्लेषकांच्या कॉलमध्ये साठ्यावरचा नफा-तोटा वगळलेला 'कोअर' जीआरएम सांगतात, तो शोधा. तो ठीक असेल तर तोटा एकदाचा आहे. तोही घसरलेला असेल तर थांबा.

कोअर जीआरएम घसरतो तो मागणी आटल्यावर, म्हणून घसरण कशामुळे झाली हे आधी ओळखावं लागतं. 27 नोव्हेंबर 2014 ला ओपेकनं, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेनं, उत्पादन कपात नाकारली. जून 2014 मध्ये 115 डॉलरला असलेलं ब्रेंट जानेवारी 2016 मध्ये 28 च्या खाली गेलं, पण लोक गाड्या चालवतच होते. ती पुरवठ्याची मंदी होती आणि रिफायनऱ्यांना ती मानवली. 2020 मध्ये रस्तेच ओस पडले. विमानाच्या इंधनाला तर गिऱ्हाईकच नव्हतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे डिझेल आणि पेट्रोलचे क्रॅक, म्हणजे तयार माल आणि कच्चं तेल यांच्या भावातलं अंतर. कच्चं तेल पडूनही क्रॅक टिकून असतील तर पुरवठ्याची मंदी.

तेल कंपन्यांचा फायदा अडवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उत्पादन शुल्क. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 मध्ये ते नऊ वेळा वाढलं, पेट्रोलवर एकूण 11.77 रुपये आणि डिझेलवर 13.47. मे 2020 मध्ये एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये. एप्रिल 2025 मध्ये दोन्हींवर 2 रुपये, आणि ते पंपावरच्या भावात न चढवता कंपन्यांनी सोसले. वरच्या हिशेबानं 2 रुपये म्हणजे पावणेचार डॉलर. तेल पाच-दहा डॉलर पडलं म्हणून लगेच उड्या मारणाऱ्यांचं गणित इथे फसतं. मी स्वतः घसरणीतला निम्माच फायदा कंपनीकडे राहील असं धरून किंमत ठरवतो. घरगुती सिलिंडरचा तोटाही असाच. सौदीचा एलपीजी भाव चढला तरी सिलिंडरचा भाव सरकारच्या संमतीनंच हलतो. भरपाई मिळते, पण उशिरा. 2022 मध्ये 22,000 कोटी आणि 2025 मध्ये 30,000 कोटी मंजूर झाले ते आधीच्या तोट्यापोटी. आणि तेल पुन्हा चढलं तर काय होतं, हे एप्रिल-जून 2022 मध्ये दिसलं. पंपावरचे भाव गोठले आणि एचपीसीएलला एका तिमाहीत 10,197 कोटींचा तोटा झाला.

गॅसचं गणित वेगळं. ओएनजीसीच्या जुन्या विहिरींच्या गॅसला एप्रिल 2023 पासून बास्केटच्या 10 टक्के भाव मिळतो, पण दर एमएमबीटीयूमागे (गॅस मोजण्याचं एकक) 4 डॉलरच्या खाली नाही आणि ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर नाही. ही मर्यादा एप्रिल 2025 ला 6.75 डॉलर झाली. त्या मर्यादेच्या हिशेबानं तेल 90 वरून 70 वर आलं तरी या गॅसच्या उत्पन्नाला धक्का नाही. बास्केट साडेसदुसष्टच्या खाली गेलं की मगच कात्री लागते. नव्या विहिरींचा गॅस बास्केटच्या 12 टक्के भावानं जातो, तो तेलाबरोबर हलतो. पेट्रोनेटसारखी कंपनी मुख्यतः एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) पुन्हा वायुरूप करून देण्याचं शुल्क घेते, तिथे गॅसच्या भावापेक्षा तिचं गुजरातमधलं दहेज टर्मिनल किती भरून चालतं ते पाहावं. महानगर गॅससारख्या शहरी कंपन्यांत स्वस्त तेलानं आयात गॅस स्वस्त होतो, पण पेट्रोलच्या तुलनेतला सीएनजीचा फायदाही आक्रसू शकतो. त्यांना खरी भीती स्वस्त सरकारी गॅसच्या वाट्याची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 मध्ये तो दोनदा कापला गेला आणि हे शेअर कोसळले.

रिग, म्हणजे तेलविहीर खणण्याची यंत्रणा, भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांपासून नवख्या माणसानं लांबच राहावं. तेल पडलं की रिगचं भाडं पडतं आणि कर्जाचा हप्ता तसाच राहतो. अबन ऑफशोअरचा शेअर 2008 च्या सुमारास पाच हजारांच्या वर होता, 2020 मध्ये पन्नासच्याही खाली. एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूडचे वायदे घेणं म्हणजे ऊर्जा क्षेत्रात गुंतवणूक नव्हे, हेही इथेच सांगतो. 20 एप्रिल 2020 चा करार बॅरलमागे उणे 2,884 रुपयांवर मिटला आणि एक लॉट 100 बॅरलचा होता.

खरेदीची पद्धत. सगळ्या ऊर्जा शेअरांत मिळून एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांहून जास्त नको आणि त्यात कर्ज काढून आणलेला एक रुपयाही नको. ही रक्कम चार तिमाहींच्या निकालांवर चार हप्त्यांत घाला. पहिले दोन हप्ते तेल विपणन कंपन्यांत, पुढचे दोन उत्पादकांत, कारण उत्पादकांचा पडलेला नफा आकड्यांत उतरायला वेळ लागतो. स्क्रीनवर दिसणारा लाभांशाचा दर गेल्या वर्षीच्या, म्हणजे चांगल्या वर्षाच्या लाभांशावर काढलेला असतो. तो वरच्या 50 पैशांच्या गणितानं कमी करून घ्या आणि आपल्या आयकराच्या टप्प्यानं त्यातून कर वजा करा. ओएनजीसीचा एकत्रित ताळेबंद वाचताना लक्षात ठेवा की जानेवारी 2018 मध्ये 36,915 कोटींना घेतलेला एचपीसीएलमधला 51.11 टक्के हिस्सा त्यात मिसळलेला आहे, म्हणून उत्पादनाचा हिशेब स्वतंत्र ताळेबंदावरच करा.

विक्रीचा निकषही आधीच लिहून ठेवा. तेल विपणन कंपन्या सलग दोन तिमाही विक्रमी नफा दाखवू लागल्या, पीई (शेअरचा भाव प्रति शेअर कमाईच्या किती पट) पाच-सहावर आला आणि सगळे त्याला स्वस्त म्हणू लागले, की निम्मे शेअर विकायला काढा. उरलेले शेअर तेव्हा विकावेत, जेव्हा बास्केट सलग तीन महिने चढत असताना पंपावरचे भाव हलेनासे होतील.