आधी कुणीतरी आपटून पाहिलेलं

दुसऱ्या घरातून आलेल्या खेळण्याचा एक गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ते आधीच आपटून, चावून, पायदळी तुडवून झालेलं असतं. ज्याचं चाक निखळायचं होतं, ते एव्हाना निखळलेलं असतं. कोऱ्या खेळण्याची परीक्षा अजून व्हायची असते आणि ती आपलंच बाळ घेणार असतं.

वयाने मात्र प्लास्टिक आणि रंग दोन्ही बिघडतात. जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. बोटाने दाबल्यावर करकरलं तर परत ठेवावं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि पोपडे सुटलेलं खेळणं घासून रंगवायचा उत्साह भल्याभल्यांना येतो. तो आवरलेला बरा. पोपडा निदान डोळ्यांना दिसतो; घासल्याची धूळ फरशीवरून हाताला आणि हातावरून तोंडात जाते. बटणाएवढ्या सेलवर चालणारं खेळणं तर झाकणाला स्क्रू नसेल तर नकोच: अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत ती आतून जाळू शकतो.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायचं प्रमाणित नळकांडं ३१.७ मिलीमीटर व्यासाचं असतं; त्यात जो भाग पूर्ण मावतो, तो धोक्याचा. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्यावी. ती थोडी रुंद असते, म्हणजे परीक्षा कडकच होते. चेंडू मात्र ४४.५ मिलीमीटरपेक्षा मोठाच हवा, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते.

हाताने केलेल्या खेळण्याची परीक्षा कुणीच घेतलेली नसते, म्हणून ती आपण घ्यायची. चिंध्यांची बाहुली शिवताना धावदोऱ्यावर भागत नाही. एक टाका तुटला की शिवण उसवत जाते आणि आतलं सगळं बाहेर. उलटी टीप घालावी, तीही दोनदा, आणि कडेला एक सेंटीमीटर कापड सोडावं. डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने भरावेत. आत कापूस भरला तर धुतल्यावर गोळे होतात आणि मध्ये ओल राहून बुरशी धरते. पॉलिस्टर फायबर लवकर वाळतं. शेवटी हात, पाय, वेणी धरून जोरात ओढायचं. प्रयोगशाळेत यासाठी ९० न्यूटन, म्हणजे नऊएक किलोचा ताण देतात.

बाटलीत कडधान्य भरून केलेला खुळखुळा दिसायला सोपा. पण बहुतेक बाटल्यांची झाकणं ज्या प्लास्टिकची असतात, त्याला साधा गोंद नीट धरत नाही. झाकण आज ना उद्या उघडतं, आणि श्वासनलिकेत गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो. आवाजच हवा असेल तर दोन रिकाम्या वाट्या एकमेकींवर आपटायला द्याव्यात. मूल तितकंच खूश होतं.

सगळ्यात खात्रीचे लाकडी ठोकळे. त्यांत जोडच नसतो, मग निखळणार काय? ८०, १२० आणि २२० नंबरच्या सँडपेपरने याच क्रमाने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावं. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्यावं. तंतू उभे राहतात, ते २२० ने पुन्हा उतरवावेत. ही पायरी गाळली तर पहिल्याच लाळेने ठोकळा खरखरीत होतो. वर जवसाचं तेल लावलं तर पूर्ण सुकेपर्यंत ठोकळा मुलाच्या हाती देऊ नये, आणि तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. हे तेल सुकताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर पसरून वाळवावीत.

ठोकळ्यांची लांबी १, २, ४ अशा पटीत ठेवावी. गडबड होते ती कापताना. लांब तुकड्याचे सरळ दोन केले तर करवत मधले दोन-तीन मिलीमीटर खाते. मग उभ्या अख्ख्या ठोकळ्याशेजारी दोन अर्धे एकावर एक रचले की ते कमी भरतात आणि वरचं छप्पर कलतं. म्हणून प्रत्येक ठोकळा वेगळा मोजून कापावा.