हाफ मून बेचे भोपळे: ऊन, वारा आणि एक सगळ्यांचा फोटो

ऑक्टोबर लागला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोनच विषय चालतात: दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं आणि हॅलोवीनच्या भोपळ्यांच्या शेतातले फोटो. दुसऱ्या विषयाचं पंढरपूर म्हणजे हाफ मून बे. सॅन फ्रान्सिस्कोपासून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर, डोंगर आणि पॅसिफिक यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव आहे. यंदा गुहागरहून सासूबाई आल्या होत्या. मुलगी आता फोटो म्हटलं की नाक मुरडायच्या वयात आहे, आणि धाकट्याचे पाय एका जागी ठरत नाहीत. या सगळ्यांचा डोळे उघडे असलेला एक फोटो हवा, एवढाच हट्ट होता.

सगळ्यात आधी कोणत्या वारी जायचं ते बोलू, कारण सहलीचं काय होणार ते तिथेच ठरतं. आमच्याकडे बुधवारी शाळा लवकर सुटते, म्हणून आम्ही बुधवारी गेलो. सनीव्हेलहून २८० नंबरचा हायवे धरायचा, क्रिस्टल स्प्रिंग्सच्या तलावापाशी ९२ नंबरला वळायचं आणि डोंगर ओलांडून खाली उतरायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी पाऊण तासाच्या आसपास लागतो. हाच ९२ ऑक्टोबरातल्या शनिवारी रडवतो. डोंगरातला बराचसा रस्ता एकेका लेनचा, आणि भोपळ्याला निघालेलं अख्खं सिलिकॉन व्हॅली त्याच लेनमध्ये. शनिवार-रविवारशिवाय जमणारच नसेल तर सकाळी शेतं उघडायच्या वेळेला पोचा आणि जेवायच्या आत निघा. सॅन फ्रान्सिस्कोकडून येणाऱ्यांनी पॅसिफिका गावावरून १ नंबर धरावा. डेव्हिल्स स्लाइडच्या कड्याला वळसा घालणारे बोगदे २०१३ मध्ये झाल्यापासून तो रस्ता सुखाचा झाला आहे. वुडसाइडवरून ८४ ने सॅन ग्रेगोरिओला उतरून दक्षिणेकडूनही येता येतं. झाडी सुरेख आहे, पण वळणं इतकी की गाडी लागणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

ऑक्टोबरच्या मध्यावर भरणाऱ्या आर्ट अँड पम्पकिन फेस्टिव्हलचा शनिवार-रविवार कौटुंबिक फोटोंसाठी पूर्ण वगळा. जत्रा १९७१ पासूनची आहे, मेन स्ट्रीट बंद करून भरते, बघण्यासारखी आहे, पण ती वेगळी सहल. भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धा त्याच्या आधीच्या सोमवारी, कोलंबस डेला होते. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंजर यांचा भोपळा तिथे २,७४९ पौंड, म्हणजे जवळपास १,२४७ किलो भरला आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. असले भोपळे जत्रेत मांडून ठेवतात. ते स्वतःच्याच वजनाने बसके आणि वाकडेतिकडे होतात. पोरांना त्यांचं फार अप्रूप. त्यांच्याबरोबर फोटोला रांग लागते.

आता शेतांकडे. ९२ वरून उतरताना गावाच्या अलीकडे लेमोस फार्म लागतं. १९४२ पासूनचं हे शेत आता जवळजवळ मेळाच झालं आहे: छोटी आगगाडी, तट्टू, शेळ्या. चार-पाच वर्षांच्या मुलांना इथून हलवणं कठीण. गर्दीच्या दिवसांत तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. पण जागा घाटाच्या कुशीत, दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यामुळे ऊन लवकर सरकतं आणि प्रत्येक फोटोच्या मागे कुणाची तरी बाबागाडी येते. आम्ही धाकट्याला तिथे तासभर दमवलं आणि फोटोसाठी कॅमेरा बाहेरसुद्धा काढला नाही.

फोटोसाठी १ नंबरवर या. गावाच्या दक्षिणेला व्हर्डे रोडवरचं अराटाज हे १९३२ पासूनचं शेत, गवताच्या गठ्ठ्यांच्या भुलभुलैयासाठी प्रसिद्ध. तो मोठ्या मुलांसाठी आहे. आमच्या कन्येने त्यात शिरून, फोन खिशात ठेवून, चक्क हसत बाहेर येणं ही त्या दिवसाची कमाई. गावाच्या उत्तरेला फार्मर जॉन्स लागतं. तिथे खेळ कमी, भोपळ्यांच्या जाती जास्त. आमच्या फोटोला तेच मानवलं. निळसर राखी, पांढरे, चपटे लालभडक, अंगभर गाठी आलेले, तळहातावर मावणारे, असे सगळे एकाच शेतात दिसले.

जवळून पाहिलं तर प्रत्येकाचं देठ वेगळं असतं. कोरायच्या नारिंगी भोपळ्याचं पाच कंगोऱ्यांचं, लाकडासारखं टणक आणि बारीक काट्यांचं. मुलं हमखास तिथेच धरून उचलतात; हात सोलतो आणि देठही निखळतं. खालून दोन्ही हात घालून उचलायला शिकवा. आणखी एक: काही शेतांवर भोपळे दुसरीकडून आणून नुसते मांडलेले असतात. त्यात फसवणूक मानू नका, फोटोत फरक कळत नाही. फक्त वाळलेल्या वेली हव्या असतील तर आत चालत जा, फाटकाशी थांबू नका. वेलींवरून मात्र चालायचं नाही, शेत चालू असतं. मोठा कॅमेरा, स्टँड, छत्र्या घेऊन ठरवलेला फोटोग्राफर आणणार असाल तर आधी फोन करा; काही ठिकाणी त्याची परवानगी आणि शुल्क वेगळं असतं.

कपड्यांचं बायकांना सांगायला नको म्हणतात, पण सांगते. लाल-केशरी कपडे घालून भोपळ्यांत उभं राहिलं की माणूस भोपळ्यांत विरघळतो. निळा, गडद हिरवा, मोरपंखी, मळकट पांढरा हे रंग उठून दिसतात. सासूबाई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या, आणि सगळ्या फोटोंत आधी त्याच दिसतात. पायात सपाट बंद बूट, कारण माती भुसभुशीत असते. आणि प्रत्येकाला एक जाड स्वेटर. सॅन होजेला घाम गाळून निघालात तरी डोंगरापलीकडे ऑक्टोबरातही १७-१८ अंश आणि समुद्रावरचा बोचरा वारा. स्वेटर फोटोपुरते काढायचे, लगेच घालायचे. पदराला आतून दोन पिना जास्त लावा.

उन्हाचं गणित सोपं आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तोही समुद्रात. म्हणजे चारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर सगळ्यांचे डोळे मिटतात. सूर्य पाठीशी, जरा एका खांद्यावर घ्या, की केसांच्या कडा उजळतात. मग चेहऱ्यावर प्रकाश हवा म्हणून कुणाला तरी पांढरी चादर धरून समोर उभं करा. आमच्याकडे ते काम नवऱ्याकडे होतं, त्यामुळे तो निम्म्या फोटोंत नाही. धुकं आलं तर परत फिरू नका. धुक्यात सावल्याच पडत नाहीत, चेहरे मऊ येतात आणि भोपळ्यांचा रंग उलट गडद होतो. बरीच शेतं पाच-सहाला बंद होतात, तेव्हा त्या दिवसाची वेळ बघून साडेतीनपर्यंत आत असा. मुलांचा उत्साह पहिल्या वीस मिनिटांत असतो. मुख्य फोटो तेव्हाच घ्या, बाकीचे नंतर मिळाले तर मिळाले.

एका फेरीत दोनच्या वर शेतं करू नका. तिसऱ्यात कोणीच हसत नाही.

खाण्याचं म्हणाल तर मेन स्ट्रीटवर कॉफी आणि केक मिळतात, पण वारा खाऊन झालेली भूक तेवढ्यावर भागत नाही. आम्ही धपाटे आणि दही नेलं होतं, गाडीच्या डिकीत बसून खाल्लं. मासे खाणाऱ्यांनी पिलर पॉइंट बंदराकडे वळावं, होडीवरून थेट ताजा मासा घेता येतो. सासूबाईंनी खेकड्यांची चौकशी केली. डंजनेस खेकड्यांचा व्यापारी हंगाम नोव्हेंबरच्या आधी सुरू होत नाही, हे ऐकून त्यांचा या किनाऱ्याबद्दलचा आदर थोडा कमी झाला. दिवस मोकळा असेल तर आणखी दक्षिणेला पेस्काडेरोपर्यंत जा, तिथला आर्टिचोक आणि लसूण घातलेला गरम पाव अख्खा संपतो.

भोपळा घेताना आधी काय करायचं ते ठरवा. "एवढे भोपळे, आणि भाजी कोणीच करत नाही?" हा सासूबाईंचा प्रश्न रास्तच होता. कोरायचा मोठा नारिंगी भोपळा आतून पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, त्याचे घारगे नीट होत नाहीत. त्यासाठी छोटा शुगर पाय किंवा तो चपटा लाल सिंडरेला घ्या. गर दाट, गोडवा बेताचा, त्यामुळे गूळ नेहमीसारखाच लागतो. किसलेला गर कढईत आधी चांगला आटवा, मगच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी घाला, नाहीतर घारगे तेल पितात. निवडताना बोटाच्या पेराने ठोकून पाहा, भरीव आवाज नको, घुमला पाहिजे. देठ शाबूत आणि तळ कोरडा असला तर सावलीत महिना-दीड महिना सहज टिकतो. कोरलेला मात्र चार-पाच दिवसांत बुरशी धरतो, म्हणून सुरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच हातात घ्या.