तुम्ही विचारलंत म्हणून: सात तोळे का मोडले

सोन्याचा भाव चढला की मला विचारणारे वाढतात. २०२५ च्या एप्रिलात तोळा पहिल्यांदा लाखाला टेकला, त्या दिवशी आधी भावजयीचा फोन आला, मग धाकट्या नणंदेचा. त्यानंतर लग्नात, बारशात, भाजीच्या गाडीपाशीसुद्धा तेच. "सात तोळे मोडलेत तेव्हा. ठेवले असते तर आज काय झालं असतं! वाईट नाही वाटत?" दर वेळी मी "गरज होती हो" म्हणून विषय बदलते. आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

पुराचं सांगत बसत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, हे सांगलीत कुणाला सांगायला नको. आमचं दुकान हरभट रोडच्या आत, एका बोळात. वह्या, कंपास, झेरॉक्स. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर वह्यांचे गठ्ठे फुगून रॅकमध्ये असे रुतले होते की पहारीनं काढावे लागले. त्यातला निम्मा माल उधारीचा होता.

ऑक्टोबरात मीच पाटल्या आणि गंठण काढून ह्यांच्या हातात दिलं. पाटल्यांची जोड चार तोळ्यांची, आईनं घातलेली. गंठण तीन तोळ्यांचं. एका पतसंस्थेनं सोनेतारण १,८०,००० दिले, व्याज १४ टक्के, मुदत वर्षाची. माल भरला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत. ज्या महिन्याभरात आमची वर्षाची कमाई व्हायची, तो महिना कोरा गेला.

ऑक्टोबर २०२० मध्ये नोटीस आली. २,०५,२०० भरा, नाहीतर लिलाव. ह्यांनी ओळखीतल्या एकाकडून महिना शेकडा ३ नं दोन लाख उचलले. कागद नाही, फक्त सही केलेला कोरा चेक. वरचे ५,२०० घरातून घातले आणि सोनं सोडवून आणलं. ती डबी मी देवापुढं ठेवली, शिरा केला. लिलावातून सोनं वाचलं म्हणून मला रडू आलं होतं.

आज मला त्या शिऱ्याचा राग येतो. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे तोंडी गणित मला येत नव्हतं असं नाही. दुकानाचा हिशोब वीस वर्षं मीच लिहिते. १४ टक्क्यांचं कर्ज फेडायला आम्ही ३६ टक्क्यांचं घेतलं आणि त्याला "सोनं सोडवलं" म्हणालो. त्याच वर्षी ऑगस्टात रिझर्व्ह बँकेनं बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती, मार्च २०२१ पर्यंत. दागिने एखाद्या बँकेत ठेवले असते तर दहा टक्क्यांच्या आसपास पैसे मिळाले असते. दोन लाखांना वर्षाचे वीस हजार व्याज, बहात्तर हजार नव्हे. मी चौकशीच केली नाही. बँकेत गेलं तर कुणीतरी बघेल, ही एक भीती. आणि डबी पुन्हा घराबाहेर पाठवायचीच नाही, हा हट्ट. तुमच्यापैकी कुणी "बँकेत का नाही ठेवलंत?" असं विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण ते कुणी विचारत नाही. सगळे भाव विचारतात.

आता खरं कारण.

गल्लीतल्या बायांचा आमचा एक गट होता, एका मायक्रोफायनान्स कंपनीचा. मी चाळीस हजार उचलले होते. आठवड्याला ८५०, असे ५२ हप्ते. वर वर पाहिलं तर चाळीस हजारांवर ४,२०० व्याज, म्हणजे दहा-साडेदहा टक्के. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत जातं, म्हणून खरा दर वीस टक्क्यांच्या घरात जातो. लॉकडाऊनमध्ये हप्ते थांबले, सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झाले. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, हा गटाचा नियम.

जानेवारी २०२१, भोगीच्या आदला मंगळवार. एक तारखेला शेकडा ३ चे सहा हजार गेले होते. माझ्याकडे ८५० नव्हते. मीटिंग आमच्याच ओसरीत होती. वसुलीचे सर आले, सतरंजीवर बसले, एकेकीचं नाव घेऊन पैसे मोजले. माझ्या नावापाशी थांबले. मी म्हटलं, "गुरुवारी देते." ते आवाजही न चढवता बायांना म्हणाले, "ताई देईपर्यंत कुणी उठायचं नाही."

दहाजणी होत्या. अकरा वाजले, बारा वाजले. एकीला हळदीच्या वखारीत कामाला जायचं होतं, तिचा अर्धा रोज गेला. एकीचं पोर मांडीवर रडून रडून झोपलं. कुणी मला काही बोललं नाही. सगळ्या भिंतीकडे नाहीतर आपल्या पावलांकडे बघत होत्या. मी चहा करू का विचारलं, कुणी हो म्हणेना. ज्यांच्याशी मी पंधरा वर्षं वाटी-वाटी साखरेची देवघेव केली, त्या बाया माझ्या ओसरीत बसून माझ्या चहाला नको म्हणत होत्या.

साडेबाराला दुधाचा रतीब घालणाऱ्या वहिनी उठल्या. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दोन म्हशी. कमरेची पिशवी सोडून त्यांनी दहा-वीसच्या नोटा मोजल्या. दूध लागून ओल्या झालेल्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या बोटाला थुंकी लावून सोडवत होत्या. साडेआठशे झाले. "लिहा सर यांचे," म्हणाल्या आणि कासंडी उचलून गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

ओसरीपासून दहा पावलांवर, मधल्या खोलीत, कपाटाच्या चोरकप्प्यात माझे सात तोळे होते.

तुम्ही विचारता ना का मोडलं. हे कारण. सात तोळे घरात ठेवून मी म्हशीवाल्या बाईच्या पैशांवर माझा हप्ता भरला होता. ती रात्रभर मी डबी मांडीवर घेऊन बसले. आईच्या पाटल्या, सवाष्णीचे हात उघडे, तोंडावर संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं मनात येऊन गेलं. हे नको म्हणत होते. शनिवारी सराफ कट्ट्यावर मी एकटीच गेले.

भाव पन्नास हजारांच्या आतबाहेर होता. तो चोख सोन्याचा, आणि माझे दागिने बावीस कॅरेटचे. वर घट. सराफानं पाटल्या कसाला लावल्या, मग काट्यावर ठेवल्या. आतल्या बाजूला आईच्या मनगटानं झिजलेली जागा गुळगुळीत चमकत होती. हातात ३,०६,००० पडले. दोन लाख शेकडा ३ वाल्याला, आणि कोरा चेक परत घेऊन तिथंच फाडला. २६,००० गटाचे. ६०,००० घाऊक व्यापाऱ्यांचे. वीस हजार उरले. दूधवाल्या वहिनींना ८५० दिले, वर काही घेतच नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काचेच्या बांगड्या घालून वाण लुटलं. दोघी-तिघींनी माझ्या हातांकडे बघितलं, ते मला कळलं.

आता तुमचं गणितही करते. फेब्रुवारी २०२१ पासून एप्रिल २०२५ पर्यंत ५१ महिने. महिना सहा हजारांनी नुसतं व्याज ३,०६,०००. मोडीला जेवढे आले तेवढेच, आणि मुद्दल तसंच्या तसं डोक्यावर. सोनंही तोवर दुप्पट झालं होतं, म्हणजे तीनेक लाखांनी वाढलं. तिथवर बरोबरी. त्यानंतर भाव आणखी चढला, तेव्हा तुमचं म्हणणं खरं ठरतं, मी हरले. पण हा हिशोब कागदावरचा. वाचलेले सहा हजार मला कधी एकरकमी दिसले नाहीत. ते किराण्यात, मुलीच्या फीमध्ये, ह्यांच्या औषधांत गेले. आवर्त ठेव दोन हजारांची काढली, तीही दोनदा मोडावी लागली. एवढं मात्र झालं की जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा पातळी ४० फुटांवर जायच्या आतच आम्ही टेम्पो करून माल हलवला. टेम्पोचे पैसे रोख होते.

परवा मुलगी कपाट आवरत होती. तिला सराफाची वजनाची चिठ्ठी सापडली. तिनं भाव विचारला नाही. म्हणाली, "आई, जोड होती ना? मग एक पाटली ठेवायची होतीस."

दोन तोळ्यांची एक पाटली, म्हणजे तेव्हाचे पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी हजार. घाऊक व्यापारी आणखी वर्षभर थांबले असते, त्यांनी तगादा लावलाच नव्हता. वीस हजार तर उरलेच होते. पाच-सात हजारच कमी पडले असते, तेवढे कसेही उभे केले असते. त्या शनिवारी काट्यासमोर उभी असताना मला हे सुचलंच नाही.